निगेटिव्ह रिपोर्टवरची तारीख

रक्तदान शिबिरात गेलेल्या प्रत्येकाने तो फॉर्म भरलेला असतो. वजन किती, जेवण झालंय का, अलीकडे कावीळ झाली होती का, गोंदवून घेतलंय का. मग एक प्रश्न असा येतो, की तिथला स्वयंसेवकही जरा आवाज खाली घेतो: एकापेक्षा अधिक व्यक्तींशी शरीरसंबंध? मंडळाच्या मांडवात शेजारच्या खुर्चीवर सासरे बसलेले असताना या प्रश्नापुढे ‘नाही’खेरीज दुसरं काही लिहिणारा माणूस विरळाच. तरी फॉर्म विचारायचं सोडत नाही. आपल्याकडे दान केलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, उपदंश आणि मलेरिया या पाचही आजारांसाठी तपासणी सक्तीची आहे. पिशवी तपासायचीच आहे, तर माणसाला इतकं खोदून विचारायचं कशाला?

कारण तपासणीला अगदी ताजा संसर्ग दिसत नाही. काल शरीरात शिरलेला विषाणू आजच्या रिपोर्टात नसतो. त्यामुळे चाचणी जिथे आंधळी असते, तेवढा काळ प्रश्नांनी झाकायचा असतो.

हेच कोडं वीर्यदानात जास्त टोकदार होतं. पिशवीभर रक्त एकदाच चढवलं जातं. गर्भ राहीपर्यंत वीर्य मात्र महिन्यामागून महिने घ्यावं लागू शकतं. शिवाय धोका एका जिवाचा नसून दोन जिवांचा असतो. हे सगळं एखाद्या क्लिनिकच्या बाहेर, दोन माणसांनी आपापसात ठरवून, घरच्या घरी केलं तर त्यातली संसर्गाची जोखीम नेमकी किती आणि ती मोजायची कशी?

हा मार्ग कोण घेतं?

ब्रिटन, नेदरलँड्स, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत अनेक एकल स्त्रिया आणि स्त्री-जोडपी परिचितांकडून किंवा इंटरनेटवर भेटलेल्या पुरुषाकडून वीर्य घेऊन मूल होऊ देतात. परवानाधारक क्लिनिकचा खर्च हे त्यामागचं सर्वांत मोठं कारण. त्याखालोखाल, मुलाचा जैविक पिता ओळखीचा असावा ही इच्छा. लंडन, मेलबर्न किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मुलीही यात असणारच. पुण्यात बसलेल्या त्यांच्या आयांना हे उशिरा कळतं, एवढंच.

भारतात २०२१च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने दात्याचं वीर्य गोळा करणं, तपासणं, साठवणं आणि पुरवणं ही कामं फक्त नोंदणीकृत बँकांकडे दिली आहेत. दात्याचं वय २१ ते ५५ हवं आणि एका दात्याचं वीर्य एकाहून अधिक जोडप्यांना देता येत नाही. विवाहित जोडप्यांबरोबर एकट्या स्त्रीलाही हा कायदा सेवा देतो. दोन स्त्रियांच्या जोडप्याला जोडपं म्हणून मात्र त्यात जागा नाही. जिथे अधिकृत दार बंद किंवा महाग असतं, तिथे लोक मागचं दार शोधतात. त्यांना नुसतं ‘असं करू नका’ म्हणून सांगितल्याने आजवर कुणाचं संरक्षण झाल्याचं दिसत नाही. म्हणून हा लेख बरोबर-चूक ठरवण्यात वेळ घालवणार नाही. तो संसर्गापुरता आहे. थॅलसेमियासारखे आनुवंशिक आजार आणि कायदेशीर पितृत्व हे तितकेच मोठे विषय आहेत, पण ते वेगळे.

चाचणी नेमकं काय पाहते?

एचआयव्हीची साधी चाचणी विषाणू शोधत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं ती शोधते. शरीराला शत्रू ओळखून ही प्रतिपिंडं पुरेशा प्रमाणात तयार करायला काही आठवडे लागतात. दरम्यान विषाणू रक्तात आणि वीर्यात वाढत असतो आणि रिपोर्ट निगेटिव्हच येत राहतो. या काळाला डॉक्टर ‘विंडो पीरियड’ म्हणतात. पेरणीनंतर तिसऱ्या दिवशी बांधावर उभं राहून कुणी ‘या रानात काही पेरलेलंच नाही’ म्हणालं, तर तो खोटं बोलत नसतो. तो फक्त लवकर आलेला असतो.

हा काळ चाचणीगणिक बदलतो, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. बोटातून थेंबभर रक्त घेऊन केलेली झटपट प्रतिपिंड चाचणी संसर्गानंतर साधारण २३ ते ९० दिवसांनी तो पकडते. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेली ‘चौथ्या पिढीची’ चाचणी प्रतिपिंडांबरोबर विषाणूचा एक घटकही शोधते, म्हणून तिला १८ ते ४५ दिवस पुरतात. विषाणूचं जनुकीय द्रव्यच शोधणारी ‘नॅट’ चाचणी आणखी लवकर, १० ते ३३ दिवसांत सांगू शकते. शून्य दिवसांत सांगणारी चाचणी जगात नाही.

इतर आजारांचं वेळापत्रक निराळं. कावीळ ब ओळखण्यासाठी रक्तात शोधला जाणारा पृष्ठभागावरचा घटक दिसायला सरासरी चार आठवडे लागतात, कधी नऊ-दहाही. कावीळ क ची प्रतिपिंडं ८ ते ११ आठवड्यांनी दिसतात. तिचा विषाणू थेट शोधला तर एक-दोन आठवड्यांत कळतं. उपदंश, ज्याला जुने लोक गरमी म्हणत, त्याचा पहिला व्रण संसर्गानंतर १० ते ९० दिवसांत कधीही उमटतो आणि अगदी सुरुवातीला त्याची व्हीडीआरएल ही रक्तचाचणी निगेटिव्ह येऊ शकते.

म्हणजे ‘सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आहेत’ या वाक्याचा खरा अर्थ असा, की ज्या दिवशी रक्त दिलं त्याच्या काही आठवडे ते तीन महिने आधीपर्यंत या माणसाला हे आजार नव्हते. त्यानंतरच्या काळाबद्दल कागद गप्प आहे.

सिडनीतल्या आठ जणी

१९८५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातून आलेला एक निबंध छापला गेला. एकाच दात्याचं वीर्य मिळालेल्या आठ स्त्रियांपैकी चौघींना एचआयव्हीची लागण झाली होती. दात्याला कुठलाही त्रास नव्हता. तो आजारी दिसत नव्हता, त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. त्याने वीर्य दिलं तेव्हा या विषाणूची चाचणीच उपलब्ध नव्हती.

या प्रकरणातली सर्वांत बोधप्रद गोष्ट मात्र पुष्कळदा सांगायची राहून जाते. ते वीर्य गोठवलेलं होतं. लोकांचा समज असा, की वीर्यबँका वीर्य उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात म्हणजे त्यातले जंतू मरत असणार. तसं होत नाही. ज्या थंडीत शुक्राणू तगून राहतात, त्या थंडीत विषाणूही आरामात तगून राहतात.

मग गोठवायचं कशाला? वाट पाहता यावी म्हणून. वीर्य टाकीत थांबतं आणि दाता आपलं आयुष्य जगत राहतो. १९८८ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सुचवलेली पद्धत अशी: वीर्य सहा महिने बाजूला ठेवा, सहा महिन्यांनी दात्याची पुन्हा चाचणी करा आणि तीही निगेटिव्ह आली तरच नमुना वापरा. वीर्य दिलं त्या दिवशी दाता विंडो पीरियडमध्ये असला, तर सहा महिन्यांनंतरच्या चाचणीत ते लपून राहणार नाही. पहिल्या रिपोर्टने जे सांगितलं नव्हतं, ते दुसरा रिपोर्ट मागे वळून सांगतो. अमेरिकेत अनोळखी दात्यांसाठी सहा महिन्यांचा हा नियम आजही आहे. ब्रिटनमध्ये नॅट चाचणी केली असेल तर तीन महिने पुरेसे मानले जातात.

घरगुती दानात नेमकं हेच हातातून निसटतं. ताजं वीर्य तासाभरात वापरायचं असतं. त्याला थांबवता येत नाही, म्हणून मागे वळून पाहायची सोयही राहत नाही. वीर्यबँकेचा महागडा भाग तिची उपकरणं नसून तिने विकत घेतलेला हा काळ आहे, असं मला वाटतं.

आकडे काय म्हणतात?

जोखीम म्हणजे तीन गोष्टींचा गुणाकार. दात्याला संसर्ग असण्याची शक्यता, एका वेळेला तो पुढे जाण्याची शक्यता आणि प्रयत्नांची संख्या.

भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे, म्हणजे हजारात दोघे. उपचार न घेणाऱ्या एचआयव्हीबाधित पुरुषाशी एका योनिसंबंधातून स्त्रीला लागण होण्याची शक्यता सरासरी दहा हजारांत आठ धरली जाते. दोन्हींचा गुणाकार केला तर दहा लाखांत एक-दोन एवढाच आकडा येतो. महिन्याला दोन याप्रमाणे वर्षभर प्रयत्न केले तरी तो दहा लाखांत चाळीसच्या आसपास राहतो. हे वाचून हायसं वाटावं, आणि काही अंशी ते खरंही आहे. कुठल्याही एका, सर्वसाधारण पुरुषाकडून एचआयव्ही मिळण्याची शक्यता फार थोडी असते.

पण सरासरी माणूस नावाचा माणूस भेटत नाही. महिन्याला पाच-सहा स्त्रियांना वीर्य देणारा आणि त्यातल्या काहींशी प्रत्यक्ष संबंध ठेवणारा पुरुष हजारातल्या सरासरीत बसत नाही. दुसरं म्हणजे, नुकती लागण झालेल्या माणसाच्या रक्तात आणि वीर्यात विषाणूची संख्या कळसाला पोचलेली असते, आणि हे अगदी त्याच आठवड्यांत होतं जेव्हा चाचणी निगेटिव्ह येत असते. म्हणजे ज्या काळात तो सर्वांत जास्त संसर्गजन्य असतो, त्याच काळात त्याचा रिपोर्ट सर्वांत स्वच्छ दिसतो.

हा फरक किती मोठा असू शकतो ते जुन्या नोंदींवरून दिसतं. सिडनीत आठपैकी चौघी बाधित झाल्या. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, बाधित दात्यांचं वीर्य मिळालेल्या आणि तपासलेल्या १९९ स्त्रियांपैकी सात बाधित निघाल्या. दोन्हीकडे दाते बाधितच होते, पण एकीकडे निम्म्या स्त्रियांना लागण झाली आणि दुसरीकडे शंभरातल्या तीन-चार जणींना. दात्याच्या शरीरात त्या दिवशी विषाणू किती होता, यावर बरंच काही अवलंबून असतं.

याची दुसरी, चांगली बाजूही सांगायला हवी. एचआयव्हीची लागण माहीत असलेला, नियमित औषधं घेणारा आणि ज्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरलेला नाही असा पुरुष लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग देत नाही, हे मोठ्या अभ्यासांतून पक्कं झालं आहे. संसर्ग पसरतो तो बहुधा स्वतःची स्थिती माहीत नसलेल्या माणसाकडून.

ज्यांची भीती वाटत नाही असे आजार

एचआयव्हीचं नाव निघालं की सगळे सावध होतात. माझ्या मते या बाबतीत भीतीचा आणि धोक्याचा क्रम जुळत नाही.

कावीळ ब घ्या. आपल्या देशात शंभरात साधारण दोन ते चार लोक तिचे दीर्घकालीन वाहक आहेत. बहुतेकांना पत्ताही नसतो. एचआयव्हीपेक्षा कित्येक पटींनी ते जास्त, आणि हा विषाणू एचआयव्हीहून पन्नास ते शंभर पट अधिक सहज पसरतो. प्रौढाला लागण झाली तर शरीर बहुधा त्याला हाकलून लावतं. दीर्घकालीन आजार शंभरात पाचहून कमी लोकांना होतो. बाळाचं उलटं असतं. जन्मावेळी आईकडून लागण झालेल्या नव्वद टक्के बाळांत तो विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो आणि पुढे यकृताचा कर्करोग किंवा सिरोसिस होण्याचा धोका राहतो. पण याच आजाराची लस आहे. ती स्वस्त आहे, सहा महिन्यांत तीन डोसांत पूर्ण होते. मूल हवं असं ठरल्यापासून प्रत्यक्ष प्रयत्न सुरू होईपर्यंत बहुतेकांचे एवढे महिने तसेही जातातच. या सबंध विषयात इतकं सोपं आणि इतकं दुर्लक्षित संरक्षण दुसरं नाही.

क्लॅमिडियाचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. हा जिवाणू आहे. बहुसंख्य स्त्रियांना आणि बऱ्याच पुरुषांना त्याची कुठलीच लक्षणं जाणवत नाहीत. तो गर्भाशयाच्या मुखातून वर सरकतो आणि बीजवाहिन्यांना सूज आणतो. सूज ओसरताना आतून व्रण राहतात, नळी अरुंद होते किंवा बंद होते. मग फलित बीज गर्भाशयापर्यंत पोचत नाही. नळीतच रुजलं तर जिवावर बेतू शकतं. मूल व्हावं म्हणून घेतलेल्या नमुन्यातूनच मूल होण्याचा रस्ता बंद व्हावा, असा हा आजार. गोनोरिया, म्हणजे परमा, हाही याच वाटेने जातो आणि प्रसूतीच्या वेळी बाळाच्या डोळ्यांना गंभीर इजा करू शकतो. दोन्ही आजार प्रतिजैविकांनी बरे होतात. दोन्ही पुरुषाच्या लघवीच्या पहिल्या धारेवरून, पीसीआर तपासणीने सापडतात. मात्र नेहमीच्या रक्ततपासणीच्या पॅकेजमध्ये ही चाचणी नसते. वेगळी मागावी लागते. चारही रिपोर्ट स्वच्छ दाखवणाऱ्या दात्याकडे ही पाचवी तपासणी बहुतेक वेळा नसते, आणि बहुतेक वेळा कुणी मागतही नाही.

उपदंश वेळेवर सापडला तर पेनिसिलिनने बरा होतो. न सापडला तर पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. मूल पोटातच दगावण्याचं किंवा जन्मजात व्यंग घेऊन येण्याचं ते एक जुनं आणि पूर्णपणे टाळता येण्याजोगं कारण आहे.

सायटोमेगॅलो नावाचा विषाणू वीर्यात असू शकतो आणि गर्भारपणात पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाच्या श्रवणशक्तीवर घाला घालतो. ब्रिटनमधली क्लिनिकं दात्याची आणि स्त्रीची यासाठी जुळणी पाहतात. भारतात वाढलेल्या प्रौढांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांना हा संसर्ग बालपणीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे सांगलीहून लीड्सला गेलेल्या मुलीला या चिंतेचा भार तिच्या इंग्रज मैत्रिणीपेक्षा कमी असतो. तरी एक साधी प्रतिपिंड चाचणी ते नक्की सांगते.

आणि झिका. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण २०२१ साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. २०२४च्या पावसाळ्यात पुणे शहरात रुग्ण आढळले, त्यांत गर्भवतीही होत्या. डासांनी पसरणारा हा विषाणू वीर्यात मुक्काम करतो आणि पाचातल्या चौघा बाधितांना कुठलंही लक्षण नसतं. म्हणून झिका असलेल्या भागातून आलेल्या पुरुषाने तीन महिने गर्भधारणेचा प्रयत्न टाळावा, अशी शिफारस आहे. दात्याला ‘कुठला आजार आहे का’ हे सगळे विचारतात. ‘गेल्या तीन महिन्यांत कुठे राहून आलात’ हे विचारायला हवं, ते राहून जातं.

सिरिंज की संबंध?

घरगुती दानाच्या दोन पद्धती आहेत. एकीत दाता स्वच्छ डबीत वीर्य देतो आणि स्त्री सुई नसलेल्या सिरिंजने ते योनीत सोडते. दुसरीत प्रत्यक्ष शरीरसंबंध होतो. काही दाते दुसऱ्या पद्धतीचा आग्रह धरतात, ‘याने यश जास्त येतं’ असं सांगून. असा आग्रह धरणाऱ्या दात्याला तिथेच नमस्कार करावा. संसर्गाच्या हिशेबात सिरिंजचा फायदा उघड आहे. जननांगांवरची हर्पीस, उपदंशाचे व्रण, एचपीव्ही हे त्वचेच्या स्पर्शाने पसरणारे आजार त्यात बऱ्याच अंशी टळतात. एचआयव्ही, कावीळ, क्लॅमिडिया यांचं मात्र सिरिंजशी वैर नाही. ते वीर्याबरोबर येतातच.

काही जणींना वाटतं, की नळीने वीर्य थेट गर्भाशयात सोडलं तर काम लवकर होईल. घरी हे कधीही करू नये. वीर्यात प्रोस्टाग्लॅंडिन नावाची द्रव्यं असतात, ती गर्भाशयाला तीव्र कळा आणतात. शिवाय योनीतले आणि वीर्यातले जंतू गर्भाशयाच्या मुखाचा अडसर ओलांडून थेट आत जातात. क्लिनिकमध्ये गर्भाशयात सोडण्यापूर्वी वीर्य ‘धुतलं’ जातं, म्हणजे द्रव आणि पांढऱ्या पेशी वेगळ्या करून फक्त पोहणारे शुक्राणू घेतले जातात. एचआयव्ही मुख्यतः त्या द्रवात आणि पांढऱ्या पेशींत असतो. याच तत्त्वावर इटलीतल्या मिलान शहरात ऑगुस्तो सेम्प्रिनी यांनी बाधित पतींचं धुतलेलं वीर्य वापरून २९ स्त्रियांवर उपचार केले. त्यांपैकी एकीलाही लागण झाली नाही, असं त्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलं. हे काम सेंट्रिफ्यूज यंत्र आणि प्रशिक्षित हात यांचं आहे. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वीर्य धुता येत नाही.

चौकट : दात्याकडून मागायच्या तपासण्या

एचआयव्ही: चौथ्या पिढीची चाचणी, शक्य असेल तर सोबत नॅट.
कावीळ ब आणि क: ब साठी पृष्ठभाग-घटकाची, क साठी प्रतिपिंडांची, क च्या विषाणूची थेट चाचणी मिळाली तर उत्तम.
उपदंश: व्हीडीआरएलबरोबर टीपीएचए.
क्लॅमिडिया आणि गोनोरिया: लघवीची पीसीआर.
सायटोमेगॅलो: दाता आणि स्त्री, दोघांची.
प्रवास आणि ताप: गेल्या तीन महिन्यांचा.
हे सगळं एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा. मधल्या काळात नवा जोडीदार नाही, दुसरीकडे दान नाही.

कागद आणि माणूस

वरची यादी मोबाइलवर आलेल्या पीडीएफवर तपासून पाहायची नसते. कागदावरचं नाव बदलायला पाच मिनिटं पुरतात. दात्याबरोबर स्वतः लॅबमध्ये जावं, ओळखपत्र आणि रिपोर्टवरचं नाव जुळतंय का पाहावं, नमुना कुठल्या तारखेला घेतला ते वाचावं. रिपोर्ट छापल्याची तारीख आणि नमुन्याची तारीख वेगळी असू शकते; आपल्याला दुसरी हवी. एचआयव्हीची चाचणी संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गोपनीय ठेवावा लागतो, हे २०१७च्या कायद्याने आपल्याकडे स्पष्ट केलेलं आहे. म्हणून मैत्रीखातर गुपचूप चाचणी उरकण्यापेक्षा समोरासमोर बोलून केलेली बरी.

कागद खरा असला तरी त्याने न सांगितलेला भाग दात्याच्या तोंडून येणार असतो, आणि त्या शब्दाला किती वजन द्यायचं हा खरा प्रश्न आहे. नेदरलँड्समध्ये एका दात्याने क्लिनिकांमार्फत आणि परस्परही जगभर वीर्य दिलं; मुलांची संख्या किमान साडेपाचशे असल्याचं समोर आलं. तिथला नियम एका दात्यामागे बारा कुटुंबांचा होता. त्याने पालकांना मुलांच्या संख्येबद्दल खरं सांगितलं नव्हतं. हेगच्या न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये त्याला नव्या पालकांना वीर्य देण्यास बंदी केली. ते प्रकरण संसर्गाचं नव्हतं. पण ‘मी फक्त तुम्हालाच देतो आहे’ हे वाक्य किती सहज उच्चारलं जातं, ते त्यातून कळतं. आणि जोखमीच्या गुणाकारात त्याच वाक्यावर सगळी भिस्त असते.

म्हणूनच ओळखीचा, पण परवानाधारक क्लिनिकमध्ये यायला तयार असलेला दाता हा ब्रिटन-अमेरिकेतल्या स्त्रियांसाठी मधला मार्ग ठरतो. दाता आपल्या पसंतीचा राहतो, वीर्य टाकीत थांबतं, दुसरी चाचणी होते. ब्रिटनमध्ये यामुळे पितृत्वाचे कायदेशीर प्रश्नही बरेच सुटतात. खर्च वाढतो हे खरं. पण घरी सहा महिने प्रयत्न करायचे तर दात्याच्या पुन्हा पुन्हा करायच्या तपासण्यांचा खर्च कुणी धरलेला नसतो; तो धरला की दोन आकड्यांतलं अंतर कमी होतं.

आपल्याकडे लग्न ठरवताना पत्रिका पाहतात, एचआयव्ही किंवा कावीळ ब चा रिपोर्ट कुणी मागत नाही. मग दात्याकडूनच एवढं का मागायचं, असं कुणी विचारू शकेल. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर, की नवऱ्याकडूनही मागावं.

स्त्रीने स्वतःच्या बाजूने करायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांना पर्याय नाही. आधी कावीळ ब ची लस. प्रयत्न सुरू करण्यापूर्वी स्वतःच्या सर्व तपासण्या, म्हणजे नंतर काही निघालं तर ते कधीपासूनचं हे समजेल. दात्याबद्दल उशिरा काही कळलं आणि वीर्य घेऊन ७२ तासांच्या आत असाल, तर एचआयव्ही रोखणारी २८ दिवसांची औषधं सरकारी रुग्णालयात मागता येतात. एकेक तास मोलाचा असतो, सकाळची वाट पाहू नये.

गर्भ राहिल्यावर एक गोष्ट डॉक्टरांना सांगायलाच हवी, ती म्हणजे गर्भ कसा राहिला. गर्भारपणाच्या पहिल्या तपासणीत आपल्याकडे एचआयव्ही, उपदंश आणि कावीळ ब पाहतातच. पण लागण त्याच महिन्यात झाली असेल तर ही पहिली तपासणीही विंडो पीरियडमध्ये सापडू शकते. डॉक्टरांना माहीत असेल तर ते ती पुन्हा करतील, काही आठवड्यांनी आणि शेवटच्या तिमाहीत. गर्भारपणात नव्याने झालेल्या एचआयव्ही संसर्गात विषाणूची संख्या जास्त असल्याने तो बाळापर्यंत जाण्याचा धोकाही जास्त असतो. काहीच उपचार न घेतल्यास आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के आहे; वेळेवर औषधं सुरू झाली तर ते पाच टक्क्यांच्या खाली आणता येतं. लाजेपोटी एक वाक्य गिळणं इथे फार महाग पडतं.

तपासणी आणि समुपदेशन सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रांत मोफत मिळतं, आणि १०९७ या टोल-फ्री क्रमांकावर नाव न सांगता विचारता येतं. आणि एक शेवटचं: जो दाता दुसऱ्या चाचणीसाठी तीन महिने थांबायला तयार नाही, त्याच्याकडून वीर्य घेऊ नका.